दावणीवरची रात्र : घोड्यांसह जंगलातील साध्या तळावर मुक्काम कसा करावा

अमेरिकेतील इंडियाना राज्यात, ब्लूमिंग्टन शहराच्या आग्नेयेला, राज्यमार्ग 446 मन्रो जलाशय ओलांडतो आणि पुन्हा डोंगराच्या धारेवर चढतो. तेथे टॉवर रिज रोडच्या फाट्याजवळ ब्लॅकवेल नावाचा घोडेस्वारांचा तळ आहे. तो हूझियर राष्ट्रीय वनाच्या अखत्यारीत येतो. घोड्यांचे ट्रेलर उभे करता येतील अशी मोकळी जागा आणि खड्ड्याची साधी शौचालये एवढीच येथील सोय आहे. वीज, पिण्याच्या पाण्याचा नळ, आंघोळीची जागा किंवा तबेला यांपैकी काहीही नाही. येथून जवळच चार्ल्स सी. डीम हे सुमारे 13,000 एकरांचे रान सुरू होते. 1982 साली संरक्षण मिळालेले हे इंडियानातील एकमेव संघीय ‘वाइल्डरनेस’ असून राज्याच्या पहिल्या वनाधिकाऱ्याचे नाव त्याला दिलेले आहे.

मी या तळावर गेली काही वर्षे माझी घोडी चांदणी आणि मोती हा खच्ची घोडा यांना घेऊन जात आहे. या भागात राहणारे आणखी काही मराठी लोक आता घोडे पाळू लागले आहेत, आणि पहिल्या मुक्कामाआधी त्यांचे प्रश्न बहुतेक तंबू, शेगडी आणि रानातील वाटा यांविषयी असतात. माझा अनुभव असा की माणसाची गैरसोय दोन दिवस सहज निभावते, आणि दिवसभराची स्वारीही अंगवळणी पडलेली असते. अवघड असते ती रात्र. अनोळखी जागी, अंधारात, दोरीच्या टोकाला आठ-दहा तास घोडा शांत उभा राहतो की नाही, खातो-पितो की नाही, यावर सगळा मुक्काम अवलंबून असतो. म्हणून या लेखात त्या रात्रीच्या तयारीलाच मी सर्वांत जास्त जागा देत आहे.

तयारी घरच्या अंगणात सुरू होते

जो घोडा घरी कधी रात्रभर बांधलेला राहिला नाही, त्याला प्रथमच जंगलात बांधणे योग्य नाही. आपल्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी शेकडो घोडे आगाडी-पिछाडी (पुढून व मागून बांधण्याच्या दोऱ्या) लावून गर्दीत दिवसेंदिवस उभे असतात आणि त्यांना त्याचे काही वाटत नाही, कारण ती त्यांची लहानपणापासूनची सवय असते. अमेरिकेतील बहुतेक घोडे कुंपणाच्या आत मोकळे वाढतात. त्यांना बांधून घेण्याची सवय खोगीर चढवण्यापुरती, म्हणजे फार तर अर्ध्या तासाची असते. अशा घोड्याला मुक्कामाच्या किमान महिनाभर आधीपासून घरीच दावण लावून उभे करावे. प्रथम एक तास, मग दोन, मग संध्याकाळपासून झोपण्याच्या वेळेपर्यंत आणि शेवटी पूर्ण रात्र, तीही दोन-तीन वेळा. त्या रात्री आपण जवळ असावे आणि मधून मधून उठून पाहावे. माती उकरणे, दोरीला झटके देणे, सोबतचा घोडा दिसेनासा झाला की खिंकाळणे, या सवयी घरी कळल्या तर त्यांवर उपाय करता येतो.

सोबत्याचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. दोन घोडे नेले आणि त्यांपैकी एकालाच स्वारीला नेले तर मागे राहिलेला घोडा तळावर गोंधळ घालण्याची शक्यता असते. तेव्हा घरी दोघांना आळीपाळीने वेगळे करण्याचा सराव द्यावा. तळावर मात्र पहिल्या वेळी दोघांना एकत्रच न्यावे आणि एकत्रच परत आणावे.

घोड्याला ट्रेलरमध्ये चढण्याचा सरावही रात्री, बॅटरीच्या उजेडात, एकदा करून घ्यावा. पोट दुखू लागलेल्या घोड्याला मध्यरात्री ट्रेलरमध्ये चढवण्याची वेळ आली तर त्या सरावाची किंमत कळते.

नालबंदी निघण्याच्या आठवडाभर आधी झालेली असावी. आदल्या दिवशी ठोकलेल्या नालेचा एखादा खिळा बोचत असेल तर ते वाटेत समजते, आणि सहा आठवडे जुनी नाल चिखलात निघून पडते. सोबत खुराचा एक रबरी बूट ठेवल्यास नाल निघाली तरी घोडा सुरक्षितपणे तळापर्यंत चालत येऊ शकतो.

कागदपत्रे आणि लसी

हूझियर राष्ट्रीय वनातील वाटांवर घोड्यावरून फिरण्यासाठी 17 वर्षे व त्यावरील प्रत्येक स्वाराला परवाना लागतो. तो एका दिवसाचा किंवा वर्षाचा मिळतो. शेजारच्या केंटकी, ओहायो किंवा इलिनॉयमधून घोडा आणणाऱ्यांनी पशुवैद्याचा आरोग्य दाखला आणि कॉगिन्स चाचणीचा अहवाल सोबत ठेवावा. ही रक्तचाचणी घोड्यांच्या संसर्गजन्य पंडुरोगासाठी असते. चावऱ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या या रोगावर उपचार नाही आणि बाधित घोडा आयुष्यभर वाहक राहतो. तळावर अनेक ठिकाणचे घोडे शेजारी-शेजारी उभे असल्याने ही खबरदारी स्वतःच्या घोड्याइतकीच दुसऱ्याच्या घोड्यासाठीही असते. धनुर्वात, रेबीज, वेस्ट नाईल आणि घोड्यांचा मेंदुज्वर यांच्या लसी चालू असाव्यात. आपली बादली दुसऱ्याच्या घोड्यापुढे ठेवू नये आणि दुसऱ्याची घेऊ नये. त्यात अवमान मानण्याचे काही कारण नाही.

पाणी आणि वैरण

सुमारे 450 किलो वजनाचा घोडा साधारण दिवसाला 20 ते 40 लिटर पाणी पितो, आणि उन्हाळ्यात चढ-उताराची स्वारी झाली तर त्याहून बरेच जास्त. दोन घोडे आणि तीन दिवस असा हिशोब केला तर 240 लिटर पाणी धरावे लागते. हे वजन 240 किलो होते, म्हणून ट्रक व ट्रेलर यांच्या भारक्षमतेत ते आधीच मोजलेले असले पाहिजे. मी खाद्यपदार्थांसाठी वापरण्यायोग्य असे पिंप घेतले असून ते भरूनच निघते. रानातील ओढ्यांवर विसंबून राहणे मला पटत नाही, कारण या भागातील अनेक ओढे उन्हाळ्याच्या अखेरीस आटतात. माणसांनी तर ओढ्याचे पाणी उकळल्याशिवाय पिऊच नये.

पाणी घरचेच नेण्याचे आणखी एक कारण आहे. काही घोडे परक्या पाण्याला तोंड लावत नाहीत आणि तहानलेला घोडा हा पोटशूळाच्या वाटेवर असतो. परके पाणी द्यावेच लागणार असेल तर घरीच आठवडाभर आधीपासून पाण्यात थोडा सफरचंदाचा रस घालण्याची सवय लावावी आणि तळावरही तोच रस घालावा. चव ओळखीची झाली की घोडा पितो. मिठाचा खडा बांधल्या जागी चाटता येईल असा ठेवावा.

वैरणीचा हिशोब वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे अशा घोड्याला दिवसाला सुमारे 7 ते 9 किलो सुके गवत. मी एक दिवसाचे जास्तीचे नेते. घरी चारत असलेले गवतच न्यावे. ते न्यायचे नसेल तर नवे गवत सात ते दहा दिवसांत थोडे थोडे मिसळून बदलावे. घोड्याचे आतडे अचानक बदल सहन करत नाही. पश्चिमेकडील अनेक राष्ट्रीय वनांत तणाच्या बियांपासून मुक्त असल्याचे प्रमाणित गवतच आणण्याचा नियम आहे. त्यामागचा हेतू लक्षात घेऊन नियम नसेल तेथेही स्वच्छ गवत आणणे चांगले, कारण लिदीतून पडलेले तणाचे बी दुर्मीळ रानफुलांची जागा बळकावते.

चंदी, म्हणजे दाणा, मुक्कामात वाढवू नये. ‘आज खूप चालला’ म्हणून मायेपोटी तोबरा भरभरून देणे घातक ठरू शकते. जास्त लागलेच तर गवत वाढवावे. दाण्याचा डबा घट्ट झाकणाचा असावा आणि रात्री ट्रकमध्ये बंद करावा. रॅकून या प्राण्याला साधी झाकणे उघडता येतात, आणि सुटलेला घोडा उघड्या डब्यापर्यंत पोहोचला तर तो खाईल तितका दाणा त्याच्या पोटाला आणि खुरांना कायमची इजा करू शकतो.

दावण कशी बांधावी

अमेरिकन स्वार ज्याला ‘हायलाइन’ म्हणतात, त्याचे पहिले प्रात्यक्षिक मला एका वयस्क शेजाऱ्यांनी दाखवले. दोन झाडांमध्ये ताणलेला दोर आणि त्यावर ठरावीक अंतरावर बांधलेली दावी पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की याला आपल्याकडे दावण म्हणतात. फरक इतकाच की आपली दावण जमिनीलगत खुंट्यांना बांधलेली असते आणि ही घोड्याच्या डोक्याच्या वर असते. खोगीर, तंग, रिकीब, खरारा, पागा, सुरगाठ, भोवरकडी असे किती तरी शब्द आपल्या भाषेत तयार आहेत, कारण ज्या सैन्यांचा संसार वर्षातले कित्येक महिने घोड्याच्या पाठीवर असे त्यांनी ते रोज वापरले. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, आणि त्या घोड्याची रात्र नीट गेली नाही तर दुसऱ्या दिवशी तो शिलेदारच राहत नसे. हे शब्द येथे वापरताना मला मनापासून आनंद होतो, आणि वाचकांनीही ते वापरावेत असे वाटते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. निदान आठ इंच जाडीची, जिवंत आणि निरोगी अशी दोन झाडे निवडावीत. त्यांच्यामध्ये दगड, बुंधे, झुडपे किंवा तारा नसाव्यात आणि जमीन सपाट, पाणी न साचणारी असावी. ओढा किंवा तळे यांपासून ही जागा किमान 60 मीटर दूर असावी. दोर थेट सालीभोवती गुंडाळू नये. रात्रभर घोड्याच्या हालचालींनी तो साल कापतो आणि झाड मरते. त्यासाठी दोन-तीन इंच रुंदीचे पट्टे मिळतात, ते झाडाभोवती घालून त्यांच्या कड्यांना दोर बांधावा. दोर साधारण बोटभर जाडीचा, पॉलिएस्टरसारखा न ताणणारा घ्यावा. नायलॉनचा दोर ताणला जातो आणि सकाळपर्यंत दावण घोड्याच्या छातीपर्यंत झोळीसारखी लोंबू लागते.

उंची सात फुटांच्या आसपास, उंच घोड्यासाठी त्याहून जास्त असावी. दोर जितका ताणता येईल तितका ताणावा, कारण घोडा दोन्ही बाजूंनी ओढणारच. दाव्यांच्या जागा झाडापासून सहा फूट तरी आत असाव्यात, म्हणजे घोडा बुंध्याला वळसा घालू शकत नाही आणि मुळे उकरत नाही. दोन घोड्यांमधील अंतर दहा ते बारा फूट ठेवावे; एकमेकांशी पटत नसेल तर आणखी वाढवावे. प्रत्येक दाव्याच्या वरच्या टोकाला भोवरकडी, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी कडी, हवीच. ती नसेल तर घोडा फिरत राहतो, दोराला पीळ बसत जातो आणि दावे आखूड होत होत त्याचे डोके वर ओढले जाते.

दाव्याची लांबी ही या सगळ्या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. घोड्याने मान खाली घातल्यावर त्याचे ओठ जमिनीवरील गवतापर्यंत जेमतेम पोहोचावेत, त्याहून अधिक ढील नसावी. दुसऱ्या मुक्कामात मी चांदणीचे दावे हातभर लांब ठेवले, तिला आरामात आडवे होता यावे या विचाराने. पहाटे तीनच्या सुमारास धडपड ऐकू आली. तिचा पुढचा पाय दोरावरून पलीकडे गेला होता आणि खुराच्या वरच्या सांध्याची कातडी दोराच्या घर्षणाने सोलली गेली होती. ती जखम बरी होण्यास सहा आठवडे लागले. तेव्हापासून मी लांबी ठरवताना अंदाज बांधत नाही. घोड्यासमोर वाकून, त्याचे डोके खाली नेऊन प्रत्यक्ष पाहते.

गाठ सुरगाठच असावी. एका ओढीत सुटणारी गाठ बांधता येत नसेल तर ती घरी अंधारात शंभर वेळा बांधून पाहावी. ताण आलेली निरगाठ घाबरलेल्या घोड्याच्या वजनाखाली कोणालाही सोडवता येत नाही. तरीही धारदार चाकू कमरेला असावा. म्होरकी (घोड्याच्या तोंडावर घालून बांधायची पट्टी) कातडी असावी किंवा तिच्यात जोराने ओढल्यास तुटणारा एक कातडी तुकडा असावा. शेवटचा उपाय म्हणून ती तुटली तर घोडा सुटतो, पण त्याची मान वाचते. लगामाने घोड्याला कधीही बांधू नये.

गवताचे जाळे घोड्याच्या खांद्याच्या उंचीवर टांगावे. भरलेले जाळे वर वाटते, पण रिकामे झाल्यावर ते खाली लोंबते आणि उकरणाऱ्या पायाचा खूर त्यात अडकतो. म्हणून जाळ्याची उंची ते रिकामे असताना मोजावी. मी बारीक भोकांचे जाळे वापरते, कारण त्यातून घोडा हळूहळू खातो आणि रात्रभर त्याचे तोंड चालू राहते. चरत राहणारे जनावर शांत असते.

विजेचे तात्पुरते कुंपण किंवा लोखंडी जोडकठडे हे पर्यायही आहेत. विजेच्या कुंपणात घोडा मोकळा फिरतो खरा, पण एखादे हरीण धडकले किंवा बॅटरी संपली तर दोन्ही घोडे रानात जातात. ज्यांचे घोडे घरीही अशाच कुंपणात राहतात त्यांनीच त्यावर विसंबावे. पायबंद घालून घोडा चरायला सोडण्याची पद्धत दिवसा, डोळ्यांसमोर असताना ठीक आहे. सवयीचा घोडा पायबंदासह उड्या मारत आश्चर्यकारक वेगाने दूर जाऊ शकतो, म्हणून रात्री मात्र नाही.

डोक्यावरची आणि पायाखालची झाडे

दक्षिण इंडियानातील रान मुख्यतः ओक आणि हिकरी यांचे आहे, आणि घोडा बांधलेल्या जागी कंटाळला की जे तोंडाजवळ येईल ते चघळतो. म्हणून दावण बांधण्याआधी वर आणि खाली, दोन्हीकडे पाहावे. लाल मेपलची कोमेजलेली पाने घोड्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात आणि थोड्या प्रमाणातही जीवघेणी ठरतात. वादळानंतर पडलेली फांदी यासाठी विशेष धोकादायक असते. रानचेरीच्या कोमेजलेल्या पानांत सायनाइड तयार होते. काळ्या अक्रोडाखाली तर बांधूच नये. शरद ऋतूत ओकची फळे जमिनीवर पसरतात. ती भरपूर खाण्यात आली तर घोड्याची मूत्रपिंडे आणि पोट बिघडते, तेव्हा दाताळ्याने ती बाजूला ओढावीत.

झुडपांमध्ये ‘व्हाइट स्नेकरूट’ ओळखता आलेच पाहिजे. उन्हाळ्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत तिला पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके येतात आणि ती नेमकी सावलीच्या रानात, वाटांच्या कडेला वाढते. तिच्यातील विष घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंवर आघात करते. हीच वनस्पती खाल्लेल्या गाईंच्या दुधातून माणसांना ‘मिल्क सिकनेस’ होत असे, आणि अब्राहम लिंकन यांची आई नॅन्सी 1818 साली याच दक्षिण इंडियानात त्या आजाराने वारली. दावणीच्या आसपास ती दिसली तर जागा बदलावी.

ॲशच्या झाडांकडेही लक्ष द्यावे. ‘एमरल्ड ॲश बोरर’ हा आशियातून आलेला कीटक अमेरिकेत 2002 साली मिशिगनमध्ये प्रथम आढळला आणि 2004 मध्ये इंडियानात पोहोचला. त्याने मारलेली ॲशची झाडे रानात उभी आहेत, आणि ती पूर्वसूचना न देता मोडतात. अशा झाडाला दावण बांधू नये, त्याच्या पडण्याच्या टप्प्यात तंबूही लावू नये. याच कीटकामुळे जळण घरून आणू नये. तळाच्या जवळ मिळणारे लाकूडच जाळावे.

माणसांनी अंगाला लागल्यास खाज आणणारी तीन पानांची ‘पॉयझन आयव्ही’ ही वेल ओळखावी, संध्याकाळी स्वतःच्या अंगावरील आणि घोड्याच्या आयाळीत, जबड्याखाली, शेपटीच्या मुळाशी चिकटलेल्या गोचिड्या काढाव्यात आणि लाकडाच्या ढिगात हात घालण्याआधी पाहावे, कारण कॉपरहेड आणि टिंबर रॅटलस्नेक हे विषारी साप या भागात आहेत.

पोहोचल्यापासून पहाटेपर्यंत

तळावर सूर्यास्ताच्या किमान तीन तास आधी पोहोचावे. घोडा उतरवून प्रथम त्याला हाताने चालवत जागा दाखवावी आणि पाणी पुढे करावे. नंतर दावण बांधावी आणि मगच तंबूचा विचार करावा. तंबू दावणीपासून इतक्या अंतरावर असावा की आवाज स्पष्ट ऐकू यावा, पण सुटलेला घोडा तंबूवर येऊ नये. म्होरकीला फोन क्रमांक आणि ट्रकचे वर्णन लिहिलेली पट्टी लावावी, कारण सुटलेला घोडा तळावरील कोणाच्याही हाती लागू शकतो.

झोपण्याआधी निरोगी स्थितीतील काही आकडे स्वतःच्या घोड्यापुरते नोंदवून ठेवावेत. विश्रांतीतील नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16, तापमान 99 ते 101.5 अंश फॅरेनहाइट या मर्यादेत असते. हिरडी अंगठ्याने दाबून सोडल्यावर तिचा गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. घोडा दिवसातून साधारण 8 ते 12 वेळा लीद टाकतो. रात्री शेवटची लीद उचलून टाकावी, म्हणजे पहाटे पडलेले ढीग मोजता येतात. रात्रभरात एकही ढीग नसेल, गवत तसेच असेल, घोडा कुशीकडे वळून पाहत असेल, उकरत असेल किंवा पुन्हा पुन्हा बसत-उठत असेल तर तो पोटशूळ समजावा. गवत काढून घ्यावे, त्याला शांतपणे चालवावे आणि पशुवैद्याला फोन करावा. त्यांनी सांगितल्याशिवाय औषध देऊ नये. फोनला संपर्क तळावर कोठे मिळतो ते उजेडीच शोधून ठेवावे. जवळच्या पशुवैद्याचा क्रमांक कागदावर लिहिलेला असावा. मोठ्या शस्त्रक्रियेची सोय असलेले पर्ड्यू विद्यापीठाचे पशुरुग्णालय वेस्ट लाफायेटला, येथून दोन तासांहून अधिक अंतरावर आहे. हे लक्षात घेता निर्णय लवकर घ्यावा लागतो.

रात्री मी दहा वाजता, दोन वाजता आणि पहाटे उठून पाहते. लाल प्रकाशाची बॅटरी वापरल्यास घोडे बिचकत नाहीत. दूरवरूनच हलक्या आवाजात त्यांना बोलावीत जावे. घोडा उभ्यानेच डुलकी घेतो, परंतु गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ आडवे व्हावे लागते आणि अनोळखी जागी पहिल्या रात्री तो बहुधा आडवा होत नाही. दुसऱ्या दिवशी तो थकलेला असेल हे धरूनच बेत करावा. घोडा सुटलाच तर त्याच्या मागे धावू नये. दुसरा घोडा दावणीवरच राहू द्यावा, दाण्याचा डबा खुळखुळवावा आणि थांबावे. कळपाची ओढ त्याला बहुतेक वेळा परत आणते.

विजांसह वादळाचा इशारा असेल तर जाऊ नये. धारेवरचा हा तळ, उंच झाडे आणि ताणलेला दोर यांच्यात वसंतातील वादळी रात्र काढण्याचा धोका पत्करण्यासारखा नाही.

दिवसाची स्वारी

पहिल्या मुक्कामात दिवसाला दोन-तीन तासांची वाट पुरे. घोडा चालीने तासाला सहा किलोमीटरच्या आसपास जातो, परंतु डीमच्या रानात धारेवरून घळीत आणि घळीतून पुन्हा धारेवर असे सतत चालते, त्यामुळे वेळ जास्त धरावा. घोड्यांसाठी नेमलेल्या वाटाच वापराव्यात. जोरदार पावसानंतर ओल्या मातीत खुरांनी पडलेले खड्डे वाट वर्षभर बिघडवतात. अशा दिवशी खडी टाकलेल्या रस्त्यावरूनच फेरी मारावी. टॉवर रिज रोडवर हिकरी रिज येथे 1936 साली उभारलेला 110 फूट उंचीचा वणवा टेहळणीचा मनोरा आहे. घोडे सोबत्याकडे धरायला देऊन वर चढल्यास रानाची रचना चांगली कळते. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम असतो. त्या काळात स्वार आणि घोडा दोघांवरही भडक नारिंगी कापड हवे.

परत आल्यावर खोगीर काढण्याआधी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल करून घोड्याला दहा मिनिटे चालवावे. पाठ थंड झाल्यावर खरारा करताना तंगाखालची आणि पाठीवरची जागा तळव्याने चाचपावी. घामाच्या ओलाव्यात मधेच कोरडा राहिलेला पट्टा दिसला तर खोगीर तेथे दाबते आहे असे समजावे. नमदा, म्हणजे खोगिराखालची जाड गादी, उन्हात सुकवावा, दुसऱ्या दिवशी ओला नमदा चढवू नये.

माणसांच्या सामानात खोगीरभरती नसावी. थालीपिठाची भाजणी, लोणचे, सुका मेवा, भरपूर पिण्याचे पाणी आणि उबदार अंथरूण यांवर आमचे उत्तम भागते. प्रथमोपचाराची पेटी मात्र दोन असाव्यात, एक माणसांची आणि एक घोड्यांची. घोड्यांच्या पेटीत थर्मामीटर, पट्ट्या, निर्जंतुक द्रावण, गोचिड्या काढण्याचा चिमटा आणि खूर साफ करण्याचा आकडा ठेवावा.

निघताना

शेवटच्या सकाळी सामान आवरण्याआधी लीद आणि उरलेले गवत दाताळ्याने गोळा करावे. ज्या तळावर तिच्यासाठी जागा ठरवून दिली आहे तेथे ती टाकावी. तशी जागा नसेल तर ट्रेलरमधून घरी न्यावी. ढीग तसाच सोडू नये, कारण त्यावर माश्या वाढतात आणि पुढच्या स्वाराच्या घोड्याला त्याचा त्रास होतो. घोड्याने उकरलेले खड्डे मातीने भरून पायाने दाबावेत. पट्टे काढल्यावर झाडाच्या सालीवर हात फिरवून पाहावे. साल सोलली गेली असेल तर पुढच्या वेळी आणखी रुंद पट्टा घ्यावा.

घोड्यांना निघण्याच्या अगदी आधी पाणी दाखवावे, आणि प्रवास लांबचा असेल तर दर तीन-चार तासांनी थांबून पुन्हा दाखवावे. घरी पोहोचल्यावर पुढील चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ त्यांचे तापमान घ्यावे, कारण इतर घोड्यांकडून घेतलेला आजार बहुधा तापानेच प्रथम कळतो. तोपर्यंत घरच्या इतर घोड्यांपासून त्यांना वेगळे ठेवणे चांगले. दोर आणि दावी धुऊन, सावलीत सुकवून, बोटांनी चाचपत गुंडाळावीत. जेथे धागे तुटलेले लागतील तो दोर त्याच दिवशी बाजूला काढावा.